शेअरहोल्डिंग पॅटर्न: टक्क्यांच्या आधी शेअर्सची संख्या वाचा

प्रश्न असा आहे: एका लिस्टेड कंपनीत एकाच तिमाहीत प्रवर्तकांचा (कंपनी उभी करणाऱ्या, तिच्यावर ताबा असलेल्या मालकांचा) हिस्सा ६२ टक्क्यांवरून ५८ वर आला आणि परदेशी संस्थांचा ४ वरून ९ वर गेला. एका परदेशी साइटवर तीच कंपनी ‘इनसायडर ५८ टक्के’ अशी दिसते. प्रवर्तक काढता पाय घेताहेत म्हणून विकावं, की परदेशी संस्था येताहेत म्हणून घ्यावं?

या दोन आकड्यांवरून दोन्हींपैकी काहीच ठरत नाही. टक्केवारीला अंश असतो तसा छेदही असतो, आणि शेअरहोल्डिंग पॅटर्न (कंपनीचे शेअर कोणाकडे किती आहेत याचा तिमाही तक्ता) वाचताना नव्वद टक्के गोंधळ छेदाकडे न बघितल्यामुळे होतो. समजा, कंपनीचे एकूण शेअर १० कोटी होते आणि प्रवर्तकांकडे ६ कोटी २० लाख. कंपनीने क्यूआयपी (फक्त मोठ्या संस्थांना नवे शेअर विकणं) करून संस्थांना ६९ लाख नवे शेअर दिले. आता एकूण शेअर १० कोटी ६९ लाख झाले. प्रवर्तकांकडे अजूनही तेच ६ कोटी २० लाख आहेत, पण टक्केवारी ५८ झाली. त्या ६९ लाखांपैकी ५६ लाख परदेशी संस्थांनी घेतले असतील, तर त्यांचे ४० लाखांचे ९६ लाख झाले, म्हणजे जवळपास ९ टक्के. प्रवर्तकांनी एकही शेअर विकलेला नाही. याउलट एकूण शेअर १० कोटीच राहिले आणि प्रवर्तकांचे ६ कोटी २० लाखांचे ५ कोटी ८० लाख झाले, तर ४० लाख शेअर खरोखर विकले गेले. टक्के दोन्हीकडे सारखेच दिसतात, पण एकीकडे पैसा कंपनीत आला आणि दुसरीकडे प्रवर्तकांच्या खिशात गेला.

उलट दिशेलाही हेच होतं. बायबॅकमध्ये कंपनीने ५० लाख शेअर परत घेतले आणि प्रवर्तकांनी आपले शेअर दिले नाहीत, तर ६ कोटी २० लाखांचे ६२ टक्के आपोआप ६५.३ टक्के होतात. मग ‘प्रवर्तकांनी हिस्सा वाढवला’ अशा बातम्या येतात. त्यांनी खिशातून दमडीही काढलेली नसते. म्हणून सलग किमान आठ तिमाहींच्या शेअर्सच्या संख्या एका तक्त्यात उतरवा. शेजारी एकूण भरणा झालेले शेअर लिहा. स्प्लिट (एका शेअरचे तुकडे) किंवा बोनस (फुकट जादा शेअर) झाला असेल तर जुन्या संख्या त्या प्रमाणात गुणून घ्या. टक्के सगळ्यात शेवटी.

शेअरहोल्डिंग पॅटर्नचा मूळ तक्ता बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर मिळतो. सेबी या बाजार नियामकाच्या लिस्टिंग नियमांतल्या कलम ३१ नुसार तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत तो द्यावा लागतो. भांडवलात २ टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर १० दिवसांत वेगळा द्यावा लागतो. क्यूआयपी झाल्यावर तिमाहीच्या मध्येच एक तक्ता येतो तो यामुळेच. बहुतेक ॲप तो दाखवत नाहीत, कारण ती फक्त तिमाहीअखेरचे आकडे उचलतात. मूळ तक्त्याचे चार भाग असतात: एकत्रित गोषवारा, प्रवर्तक व प्रवर्तक गट, सार्वजनिक भागधारक, आणि प्रवर्तकही नाहीत नि सार्वजनिकही नाहीत असे (कर्मचारी हिताचे ट्रस्ट, डिपॉझिटरी रिसीटचे, म्हणजे शेअरच्या बदल्यात परदेशात विकल्या जाणाऱ्या पावत्यांचे, कस्टोडियन). ॲपवरचा रंगीत गोल आलेख पहिल्या भागापुरताच असतो. खरा माल दुसऱ्या-तिसऱ्या भागात असतो, आणि तोही नावानिशी.

परदेशी साइटवरचा ‘इनसायडर’ हा शब्द इथे जसाच्या तसा घेऊ नका. अमेरिकेत इनसायडर म्हणजे संचालक, वरिष्ठ अधिकारी आणि १० टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेले भागधारक. त्यांना व्यवहार झाल्यावर दोन कामकाजी दिवसांत फॉर्म ४ भरावा लागतो. संस्थांचे आकडे १३एफ या तिमाही अहवालातून येतात. तो १० कोटी डॉलरहून मोठ्या व्यवस्थापकांना तिमाहीनंतर ४५ दिवसांत द्यावा लागतो. दोन स्रोत, दोन तारखा. शिवाय शॉर्ट विक्रीसाठी (भाव पडेल या अपेक्षेने जवळ नसलेले शेअर विकण्यासाठी) उसने दिलेले शेअर कधी मूळ मालकाकडेही मोजले जातात आणि नव्या खरेदीदाराकडेही. त्यामुळे तिकडे संस्थांचा हिस्सा १०० टक्क्यांच्या वर गेलेलाही दिसतो. आपल्याकडे मालकीची वर्गवारी ‘प्रवर्तक आणि सार्वजनिक’ अशी आहे. ‘इनसायडर’ ही आपल्या कायद्यात वेगळीच गोष्ट आहे: कंपनीशी जोडलेली किंवा भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती हाती असलेली व्यक्ती. तिच्याकडे एकही शेअर नसला तरी ती इनसायडर असू शकते. परदेशी साइट प्रवर्तकांचा आकडा इनसायडरच्या रकान्यात टाकून मोकळ्या होतात.

‘सार्वजनिक’ या शब्दानेही फसगत होते. आयटीसीला प्रवर्तकच नाही. तक्त्यात जवळपास सगळी मालकी सार्वजनिक दिसते. पण ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या गटाकडे अनेक वर्षे चौथाईहून जास्त हिस्सा होता आणि २०२४ व २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने विकूनही तो मोठाच उरला आहे. तो हिस्सा बसतो ‘सार्वजनिक’ या मथळ्याखाली. एल अँड टी, आयसीआयसीआय बँक, विलीनीकरणानंतरची एचडीएफसी बँक यांनाही प्रवर्तक नाही. इटर्नल, म्हणजे पूर्वीची झोमॅटो, हीदेखील त्याच प्रकारातली: संस्थापकाचा हिस्सा प्रवर्तकाच्या ओळीत शोधलात तर शून्य मिळेल. तो तिसऱ्या भागात, संचालक व प्रमुख व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांच्या ओळीत पाहावा लागतो. प्रवर्तक हिस्सा शून्य म्हणजे ‘मालकाला स्वतःच्या कंपनीवर विश्वास नाही’ असा अर्थ लावणाऱ्या पोस्ट दर तिमाहीला येतात. त्यांकडे दुर्लक्ष करा.

प्रवर्तकांचा हिस्सा किती असावा याला वर आणि खाली दोन्हीकडे नियमांच्या भिंती आहेत. किमान २५ टक्के भाग सार्वजनिक हवा, म्हणून ७५ ही वरची मर्यादा. ७४.९ टक्क्यांवर बसलेला प्रवर्तक बाजारातून खरेदी करत नाही, याचा अर्थ त्याला शेअर महाग वाटतो असा नाही. त्याला घेताच येत नाही. २५ ते ७५ च्या दरम्यान असलेल्याला खुला देकार (इतर भागधारकांचे शेअर विकत घेण्याची जाहीर ऑफर) न देता एका आर्थिक वर्षात ५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. त्यामुळे मार्चअखेर थांबलेली आणि एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झालेली खरेदी दिसली तर गूढ काही नसतं, नव्या वर्षाचा कोटा सुरू झालेला असतो. बाहेरच्या कोणी २५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडला, तर त्याला आणखी २६ टक्क्यांसाठी खुला देकार द्यावा लागतो.

आता गहाण शेअर. तक्त्यातल्या या रकान्याकडे सगळे बघतात, पण हिशेब चुकवतात. तक्त्यातली गहाणाची टक्केवारी ही ‘त्या भागधारकाकडच्या शेअर्सपैकी’ असते. प्रवर्तकांकडे ४० टक्के आणि त्यातले ६० टक्के गहाण, म्हणजे कंपनीच्या एकूण शेअर्सपैकी २४ टक्के सावकाराच्या हाती. काही साइट पहिला आकडा दाखवतात, काही दुसरा. तुलना करताना कुठला ते आधी ठरवा. शिवाय ‘गहाण’ म्हणजे फक्त प्लेज नव्हे. शेअर विकणार नाही अशी लेखी हमी देऊन कर्ज घेतलं असेल तर तोही बोजाच, आणि अलीकडच्या नमुन्यात या गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत येतात. फक्त प्लेजचा रकाना शून्य बघून निश्चिंत होऊ नका. बोजाचा एकूण आकडा प्रवर्तक हिश्शाच्या ५० टक्क्यांपर्यंत किंवा कंपनीच्या भांडवलाच्या २० टक्क्यांपर्यंत पोचला, तर कारणांसह वेगळा खुलासा द्यावा लागतो. कर्ज कोणी दिलं, कशासाठी घेतलं, तारणाचं मूल्य कर्जाच्या किती पट आहे, हे त्या खुलाशात असतं. तो कागद उघडाच.

पट का महत्त्वाची ते आकड्यांत पाहू. शेअरचा भाव २०० रुपये. प्रवर्तकाने १ कोटी शेअर गहाण ठेवले, तारणाची किंमत २०० कोटी, कर्ज १०० कोटी; म्हणजे दुप्पट तारण. करारात लिहिलंय की पट दीडच्या खाली गेली तर तारण पुन्हा दुपटीवर आणायचं. भाव १५० वर आला की तारण १५० कोटींचं होतं आणि ती रेषा येते. पुन्हा दुपटीसाठी १५० च्या भावाने १ कोटी ३३ लाख शेअर लागतात, म्हणजे आणखी ३३ लाख गहाण. पुढच्या तक्त्यात गहाण शेअर वाढलेले दिसतात आणि लोक म्हणतात, प्रवर्तकाने नवं कर्ज काढलं. नवं कर्ज एक रुपयाचंही नसतं, भाव पडल्याची ती पावती असते. खरा धोका पुढचा. प्रवर्तकाकडे गहाण ठेवायला मोकळे शेअरच उरले नाहीत, तर सावकार बाजारात विकतो, त्याने भाव आणखी पडतो, दुसऱ्या सावकाराची रेषा तुटते. म्हणून ‘किती टक्के गहाण’ यापेक्षा ‘किती मोकळे उरलेत’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा. आमच्या मते ९० टक्के गहाण असलेला ७० टक्क्यांचा प्रवर्तक हा ३० टक्के गहाण असलेल्या ३५ टक्क्यांच्या प्रवर्तकापेक्षा कितीतरी जास्त धोकादायक, मालकीचा आकडा दुप्पट असला तरी.

सत्यम प्रकरणात प्रवर्तकांचे गहाण शेअर सावकारांनी विकून टाकले; डिसेंबर २००८ च्या अखेरपर्यंत बाजाराला या गहाणाचा पत्ताच नव्हता. जानेवारी २००९ मध्ये सेबीने गहाण जाहीर करणं सक्तीचं केलं. पण एक थर अजूनही नजरेआड राहू शकतो. प्रवर्तकांचा हिस्सा एखाद्या होल्डिंग कंपनीमार्फत असतो, आणि त्या होल्डिंग कंपनीच्या पातळीवर कोणी कर्जाच्या बदल्यात तिचेच शेअर मिळवण्याचा हक्क घेऊन ठेवतो. एनडीटीव्हीत २०२२ मध्ये हेच झालं. आरआरपीआर या प्रवर्तक कंपनीकडे २९.१८ टक्के होते. तिला २००९ मध्ये कर्ज देणाऱ्या कंपनीकडे आरआरपीआरचे वॉरंट, म्हणजे असाच हक्क, होते. ती कर्ज देणारी कंपनी अदानी समूहाने घेतली, वॉरंट वापरले, आणि २६ टक्क्यांचा खुला देकार लागू झाला. तिमाही तक्त्यात तोवर प्रवर्तक तेच, टक्के तेच. म्हणून प्रवर्तक गटात खासगी कंपन्या असतील तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर त्यांचे ताळेबंद आणि मालमत्तेवरच्या कर्जबोजाची (चार्ज) नोंद थोडी फी भरून पाहता येते. मोठी रक्कम गुंतवणार असाल तर तेवढा खर्च करा.

प्रवर्तक, संचालक आणि नेमून दिलेले कर्मचारी यांचे व्यवहार तिमाहीची वाट न पाहता दिसतात. एका कॅलेंडर तिमाहीत १० लाख रुपयांहून जास्त उलाढाल झाली, की त्या व्यक्तीने दोन ट्रेडिंग दिवसांत कंपनीला आणि कंपनीने पुढच्या दोन ट्रेडिंग दिवसांत एक्स्चेंजला कळवायचं असतं. तारखेची एक खूण लक्षात ठेवा: तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत त्यांच्यासाठी ट्रेडिंग विंडो (शेअर घेण्या-विकण्याची मुभा) बंद असते. निकाल २५ जुलैला असतील, तर १ ते २७ जुलै दरम्यान त्यांची बाजारातली साधी खरेदी दिसायला नको. दिसली तर खुलाशाचा कागद नीट वाचा. आणि निकालानंतर आठवड्याभरात सगळ्या संचालकांची खरेदी एकदम दिसली, तर त्यात विशेष असं काही नाही. दार उघडलं म्हणून रांग लागली.

या खुलाशांत सगळ्यात महत्त्वाचा रकाना व्यवहाराच्या प्रकाराचा. ‘बाजारातून खरेदी’ म्हणजे स्वतःचा पैसा बाजारभावाने घातला. ‘ईसॉप’ (कर्मचाऱ्यांना ठरलेल्या किमतीत शेअर देण्याची योजना) म्हणजे पगाराचा भाग हाती आला. बाजारभाव ९०० आणि वापरण्याची किंमत १० असेल तर त्या ‘खरेदी’ला मत मानू नये. ‘भेट’, ‘ऑफ मार्केट’, ‘गटांतर्गत हस्तांतर’ म्हणजे बहुतेक वेळा बापाकडून मुलाकडे किंवा कौटुंबिक ट्रस्टकडे. एका ओळीत मोठी विक्री, दुसऱ्या ओळीत तेवढीच खरेदी. विक्रीचे मथळे करणारे दुसरी ओळ वाचतच नाहीत. ‘गहाण शेअरची विक्री’ असं लिहिलेलं असेल तर ती मात्र सगळ्यात गंभीर नोंद.

‘प्रेफरन्शियल’ (निवडक लोकांनाच दिलेले नवे शेअर) किंवा ‘वॉरंट’ असेल तर थांबा. वॉरंटमध्ये २५ टक्के रक्कम आधी भरायची आणि उरलेली १८ महिन्यांत कधीही. भाव वाढला तर उरलेले ७५ टक्के भरून स्वस्तात शेअर घ्यायचे, पडला तर २५ टक्क्यांवर पाणी सोडायचं. प्रवर्तक वॉरंट घेतात ते भरवशाचं चिन्ह म्हणून मिरवलं जातं. प्रत्यक्षात तो स्वस्तातला पर्याय असतो आणि त्याची किंमत छोटे भागधारक हिस्सा पातळ होऊन चुकवतात. पूर्ण भरलेले वॉरंट आणि लटकलेले वॉरंट यांत फरक करा.

खरेदीचा आकारही मोजून घ्या. पाच हजार कोटींच्या कंपनीत प्रवर्तकाने दोन कोटींचे शेअर घेतले, तर ती जाहिरात जास्त आणि गुंतवणूक कमी. वित्त प्रमुखाने आपल्या वर्षाच्या पगाराएवढी रक्कम बाजारातून घातली, तर आम्ही कान टवकारतो. विक्रीचं तेवढं वजन धरत नाही, कारण विकायला घर, कर, वाटण्या, मुलांचं शिक्षण अशी शंभर कारणं असतात. खरेदीला एकच असतं. सहा महिन्यांच्या आत उलटा व्यवहार करायला नेमलेल्या व्यक्तींना बंदी आहे, त्यामुळे आज घेतलेला संचालक उद्या विकू शकत नाही, आणि त्याच्या खरेदीला अर्थ येतो तो थोडाफार यामुळेही.

संस्थांकडे येऊ. म्युच्युअल फंडांचे आकडे तिमाहीसाठी थांबून बघण्याची गरज नाही. योजनांचे पोर्टफोलिओ दर महिन्याला, महिना संपल्यावर दहा दिवसांत जाहीर होतात. तिथे पाहायचं ते असं: हिस्सा सक्रिय योजनांत वाढला की इंडेक्स फंड आणि ईटीएफमध्ये, म्हणजे निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या योजनांत? कंपनी निफ्टीत गेली की ईटीएफना घ्यावीच लागते, त्यात कोणाचं मत नसतं. एकाच फंड घराण्याला सगळ्या योजना मिळून एका कंपनीचे मताधिकार असलेले १० टक्क्यांहून जास्त शेअर ठेवता येत नाहीत, म्हणून ९.८ वर थांबलेला फंड ‘आता आवडत नाही’ म्हणून थांबलेला नसतो. छोट्या कंपनीत एकाच घराण्याकडे ९ टक्के आणि रोजची उलाढाल हजारो शेअर्सची असेल, तर तो हिस्सा पाठबळ नसून डोक्यावर टांगलेली विक्री आहे. त्या घराण्याला बाहेर पडायला किती दिवस लागतील ते काढा: त्याचे शेअर भागिले रोजच्या सरासरी उलाढालीचा पाचवा भाग. उत्तर शंभर दिवसांच्या वर आलं तर तो भाव त्या फंडाचा आहे, बाजाराचा नाही.

परदेशी पोर्टफोलिओ गुंतवणूकदारांच्या ओळीत १ टक्का किंवा जास्त असलेल्यांची नावं दिलेली असतात. नावात ‘इंडेक्स’ असेल तर तो निष्क्रिय पैसा. गव्हर्नमेंट ऑफ सिंगापूर किंवा नॉर्वेचा गव्हर्नमेंट पेन्शन फंड असेल तर वर्षानुवर्षे बसणारा. अनोळखी नाव, पत्ता छोट्या बेटाचा, आणि तेच नाव एकाच समूहाच्या तीन-चार कंपन्यांत दिसत असेल, तर त्याला ‘परदेशी संस्थांचा विश्वास’ म्हणायची घाई करू नका. ज्यांचे भारतातल्या शेअर्समधले अर्ध्याहून जास्त पैसे एकाच कॉर्पोरेट समूहात आहेत, अशा परदेशी गुंतवणूकदारांकडून सेबीने २०२३ पासून मागच्या खऱ्या मालकांचा तपशील मागायला सुरुवात केली, ती याच शंकेपोटी. एका परदेशी पोर्टफोलिओ गुंतवणूकदाराला, त्याच्या गटासकट, १० टक्क्यांच्या आतच राहावं लागतं. त्यापुढे तो थेट परदेशी गुंतवणूक ठरतो आणि तक्त्यात वेगळ्या ओळीत जातो. कधीकधी ‘परदेशी संस्थांनी विकलं’ असं जे दिसतं ते ओळ बदलल्याने.

यांत्रिक विक्रीचं ठळक उदाहरण इटर्नलचं. २०२५ मध्ये भागधारकांच्या मंजुरीने तिने परदेशी मालकीवर ४९.५ टक्क्यांची मर्यादा घातली. परदेशी निर्देशांकांत वजन ठरवताना परदेशी गुंतवणूकदारांना किती जागा उरली आहे ते पाहिलं जातं. जागा आकसली, वजन कमी झालं, आणि निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडांना विकावं लागलं. कंपनीच्या धंद्याबद्दल त्या विक्रीत एक शब्दही नव्हता.

पीएमएसचा (श्रीमंत ग्राहकांचा पोर्टफोलिओ सांभाळणाऱ्या सेवेचा) पैसा संस्थांच्या ओळीत शोधू नका. पीएमएसमध्ये शेअर ग्राहकाच्या स्वतःच्या डीमॅट खात्यात असतात, म्हणून ते ‘व्यक्ती’ या ओळीत येतात. छोट्या कंपनीत म्युच्युअल फंड शून्य आणि मोठ्या व्यक्तींचा हिस्सा अचानक वाढलेला दिसला, तर एखाद्या पीएमएसने सगळ्या ग्राहकांसाठी घेतलं असण्याची शक्यता बरीच. विकतील तेव्हाही एकदमच विकतील.

या व्यक्तींच्या ओळीतला सगळ्यात मोठा गैरसमज २ लाखांचा. तक्त्यात रहिवासी व्यक्तींचे दोन गट असतात: २ लाख रुपयांपर्यंत भांडवल असलेले आणि त्याहून जास्त. हे २ लाख दर्शनी मूल्याने (शेअरच्या कागदोपत्री मूळ किमतीने) मोजलेले असतात, बाजारभावाने नव्हे. दर्शनी मूल्य १ रुपया आणि भाव ८०० असेल तर २ लाख शेअर म्हणजे १६ कोटी रुपये. एवढे पैसे असलेला माणूसही ‘छोटा’ गटात. दर्शनी मूल्य १० आणि भाव ४० असेल तर २० हजार शेअरची मर्यादा ८ लाख रुपयांतच संपते, त्यापुढचा ‘मोठा’. दोन कंपन्यांची या ओळीवरून तुलना करणं निरर्थक आहे. आणखी एक गंमत: १:१ बोनसनंतर दीड लाखाचं दर्शनी भांडवल असलेला माणूस तीन लाखांचा होतो आणि काहीही न करता छोट्यांतून मोठ्यांत उडी मारतो. स्प्लिटमध्ये तसं होत नाही, कारण शेअर वाढतात तसं दर्शनी मूल्य घटतं. बोनसनंतरच्या तिमाहीत ‘बड्या गुंतवणूकदारांची एंट्री’ दिसली तर आधी हे तपासा.

या ओळींपेक्षा भागधारकांची संख्या जास्त बोलते. ती पॅननुसार एकत्र केलेली असते, त्यामुळे एका माणसाची चार डीमॅट खाती चारदा मोजली जात नाहीत. दोन-तीन तिमाहींत संख्या २० हजारांवरून २ लाखांवर गेली, भाव तिप्पट झाला, आणि त्याच काळात कंपन्या, एलएलपी (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्था) आणि मोठ्या व्यक्तींचे शेअर घटले, तर माल कोणाकडून कोणाकडे गेला हे स्पष्ट आहे. खूप छोट्या कंपन्यांत ‘इतर कंपन्या’ आणि ‘एलएलपी’ या ओळींतली नावं उघडून बघा. कधीच न ऐकलेली नावं, प्रत्येकी १ ते २ टक्के, एकाच तिमाहीत आलेली, ही खूण चांगली नाही.

नामवंत गुंतवणूकदाराचं नाव गायब झालं की ‘अमुक बाहेर पडले’ अशी बातमी येते. नावं फक्त १ टक्का किंवा जास्त असेल तेव्हाच छापली जातात. १.०२ चा ०.९८ झाला तरी नाव उडतं. क्यूआयपीने छेद वाढला तर एकही शेअर न विकता उडतं. मोठा व्यवहार खरंच झाला का, हे बल्क डीलच्या यादीत दिसू शकतं. एका ग्राहकाने एका दिवसात कंपनीच्या ०.५ टक्क्यांहून जास्त शेअर्सचा व्यवहार केला की तो तिथे येतो. ५ टक्क्यांच्या वर असलेल्याला २ टक्क्यांच्या प्रत्येक फरकाची माहिती दोन कामकाजी दिवसांत द्यावी लागते.

नव्याने लिस्ट झालेल्या कंपनीत तक्त्यापेक्षा लॉक-इनच्या (शेअर विकायला बंदी असण्याच्या मुदतीच्या) तारखा महत्त्वाच्या. अँकर गुंतवणूकदारांचे (आयपीओ खुला होण्याआधीच शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांचे) निम्मे शेअर वाटपापासून ३० दिवसांनी आणि उरलेले ९० दिवसांनी मोकळे होतात. आयपीओआधीच्या बिगरप्रवर्तक भागधारकांचे बहुतेक सहा महिन्यांनी. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दिसणारा संस्थांचा मोठा हिस्सा कधीकधी विकता न आल्यामुळे राहिलेला असतो.

संस्थांच्या मालकीचा खरा उपयोग मतदानात होतो, आणि त्याचा कागद फार थोडे लोक उघडतात. सभा किंवा टपाली मतदान संपल्यावर दोन कामकाजी दिवसांत निकाल एक्स्चेंजवर येतो. त्यात प्रवर्तक, सार्वजनिक संस्था, सार्वजनिक बिगरसंस्था अशा तीन ओळी असतात. प्रत्येकाकडे शेअर किती, मतं किती टाकली, बाजूने किती, विरुद्ध किती. विशेष ठरावाला टाकलेल्या मतांच्या ७५ टक्के लागतात. धरा, प्रवर्तक ४० टक्के, संस्था ४५, उरलेले १५. प्रवर्तक सगळे मतदान करतात, संस्था ९० टक्के, बाकीचे जेमतेम १० टक्के. एकूण मतं ८२, ठरावाला हवीत ६१.५. प्रवर्तक आणि किरकोळ मिळून ४१.५. उरलेली २० मतं संस्थांच्या ४०.५ मधून आणायची, म्हणजे जवळपास निम्म्या संस्थांचं मन वळवायला लागतं. ४० टक्क्यांचा प्रवर्तक कागदावर मालक असला तरी विशेष ठरावाला तो संस्थांच्या दाराशी जातो. संबंधित पक्षांशी होणाऱ्या मोठ्या व्यवहारांत तर संबंधितांना मंजुरीचं मत देताच येत नाही. तिथे सगळं बाकीच्यांच्या हाती. म्युच्युअल फंडांना मतदान करणं आणि कारण जाहीर करणं बंधनकारक आहे, त्यामुळे कोणी कशाला विरोध केला तेही शोधता येतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या व्यवस्थापकीय संचालकांच्या फेरनियुक्तीचा विशेष ठराव सुमारे ७३ टक्के मतं मिळूनही पडला. आक्षेप मानधनाच्या मर्यादेवर होता. नंतर ठराव सुधारून नियुक्ती मंजूर करून घेतली. झी एंटरटेनमेंटच्या प्रवर्तकांकडे कर्जफेडीसाठी शेअर विकून जेमतेम ४ टक्के उरले होते. २०२५ च्या जुलैमध्ये वॉरंटच्या मार्गाने तो हिस्सा १८ टक्क्यांच्या पुढे नेण्याचा ठराव आला, बाजूने ६० टक्क्यांच्या आसपास मतं पडली, आणि तो नामंजूर झाला. कंपनी कोण चालवतं हे तुम्हाला ज्या कंपनीबद्दल जाणून घ्यायचं असेल, तिच्या शेवटच्या तीन वर्षांच्या मतदान निकालांत ‘सार्वजनिक संस्था – विरुद्ध’ हा रकाना वर्षागणिक कसा हलला ते उतरवून काढा. तो ५ टक्क्यांवरून ३० वर गेला असेल, तर मालकीच्या तक्त्यात काहीच बदललेलं नसतानाही त्या संस्था एक तर व्यवस्थापनाशी भांडताहेत किंवा बाहेर पडायची वाट पाहताहेत.